शेवटच्या ड्रिपरचं प्रेशर

मामांची अँजिओग्राफी झाली तेव्हा मी त्यांच्यासोबत सोलापुरात होतो. मामा सांगोला तालुक्यातले डाळिंबवाले. वय एकोणसत्तर, बारा वर्षांपासून साखर, तरी बांधावरून चालताना मी कायम दहा पावलं मागे. यंदा चढाला छातीत दाटल्यासारखं होऊ लागलं, म्हणून तपासणी. दुपारी डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं आणि पडद्यावर चित्रफीत लावली. करड्या धुक्यात काळ्या रेघांचं एक झाड डोलत होतं. त्याच्या एका जाड फांदीला मध्येच कुणी करदोटा आवळून बांधल्यासारखं दिसत होतं.

“इथं साधारण सत्तर टक्के ब्लॉकेज आहे,” डॉक्टर म्हणाले.

मामा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “म्हंजे मेनलाइन सत्तर टक्के आवळलीय. ते दिसतंय. पण पुढं शेवटच्या ड्रिपरला प्रेशर किती मिळतंय?”

मला वाटलं, आता डॉक्टर हसतील. ते हसले नाहीत. “काका, तेच मोजायचं म्हणतोय,” एवढंच ते बोलले आणि कागदावर काहीतरी लिहू लागले.

आपल्याकडे एव्हाना ‘टक्के’ हा हृदयरोगाचा चलनी शब्द झाला आहे. लग्नात, एसटीत, सोसायटीच्या बाकावर माणसं आपापले टक्के सांगतात. ऐंशी टक्केवाला सत्तरवाल्याकडे जरा वडीलकीच्या नजरेनं बघतो. पण नळी किती आवळली हा एक प्रश्न आणि तिच्यातून पुढे किती जातं हा दुसरा. पहिल्याचं उत्तर चित्रात मिळतं. दुसऱ्याचं मिळवायला माणसाला घोडीच्या मांडीतल्या धमनीपासून महासंगणकापर्यंत यावं लागलं, आणि तरीही प्रत्येक उत्तरात थोडं गृहीत धरलेलं उरतंच. मामांच्या प्रश्नाच्या नादानं गेले काही महिने मी या वाटेनं फिरलो, त्याची ही हकिगत.

घोडी, हंसाची श्वासनलिका आणि काचेची नळी

हृदय रक्त ढकलतं आणि तेच रक्त फिरून परत येतं, हे विल्यम हार्वेनं १६२८ साली पटवून दिलं ते हिशोबाच्या जोरावर. एका ठोक्याला थोडंसंच रक्त बाहेर पडतं असं धरलं, तरी अर्ध्या तासात ते अंगातल्या एकूण रक्ताहून जास्त होतं. एवढं रक्त शरीर दर अर्ध्या तासाला नव्यानं कुठून आणणार? तेव्हा तेच फिरत असलं पाहिजे. जिवंत शरीरातल्या प्रवाहावर केलेलं हे पहिलं मोठं गणित, आणि त्याला गुणाकारापलीकडे काही लागलं नाही.

दाब मोजला तो शंभर वर्षांनी, एका पाद्र्यानं. लंडनजवळच्या टेडिंग्टन गावचे स्टीफन हेल्स. त्यांनी एका घोडीला आडवं बांधून तिच्या मांडीतल्या धमनीत पितळेची बारीक नळी बसवली आणि तिला नऊ फूट उंचीची काचेची नळी जोडली. पुढच्या एका प्रयोगात जोड लवचीक हवा म्हणून त्यांनी मध्ये हंसाची श्वासनलिका वापरली. रबरी पाइप नसलेल्या काळातला हा जुगाड. पहिल्या घोडीचं रक्त नळीत चढत गेलं आणि हृदयाच्या पातळीपासून आठ फूट तीन इंचांवर जाऊन ठोक्याठोक्यानं वरखाली होत राहिलं. १७३३ साली हेल्सनी हे छापलं. आज डॉक्टर ‘एकशेवीस’ म्हणतात ती पाऱ्याच्या मिलिमीटरची भाषा. तेवढाच दाब पाण्यात मोजला तर सुमारे १६३ सेंटिमीटरचा स्तंभ होतो. मामांच्या ठिबकच्या गेजवर ‘एक किलो’ प्रेशर असतं, म्हणजे पाण्याचा दहा मीटर स्तंभ. त्या हिशोबानं माणसाचं हृदय ठिबकच्या पंपाच्या सहाव्या हिश्शाइतक्या जोरावर चालतं, आणि तेवढ्यात दिवसाला लाखभर ठोके देत मिनिटाला पाचेक लिटर रक्त फिरवतं.

हेल्सनी आणखी एक गोष्ट ओळखली. हृदय धक्क्याधक्क्यानं रक्त सोडतं, मग पुढे बारीक वाहिन्यांत ते बऱ्यापैकी सलग कसं वाहतं? त्या काळच्या आगीच्या बंबात हवेचा एक बंद डबा असे. दांडा दाबला की पाणी डब्यातल्या हवेला दाबायचं, दांडा उचलला की ती हवा पाण्याला पुढे रेटायची, आणि तोटीतून धार अखंड राहायची. हेल्स म्हणाले, मोठ्या धमन्यांच्या लवचीक भिंती हेच काम करतात. जर्मनीत ओटो फ्रांक यांनी १८९९ साली या कल्पनेला गणिताचं रूप दिलं. त्या हवेच्या डब्याचं जर्मन नाव ‘विंडकेसल’, आणि रक्तप्रवाहाची संगणकीय गणितं करणारे आजही हाच शब्द वापरतात.

चौथा घात

पॅरिसचे ज्याँ प्वाझय पेशानं डॉक्टर, पण शिक्षण तंत्रशाळेतलं. रक्त बारीक वाहिन्यांतून कसं जातं हे त्यांना शोधायचं होतं. रक्त नळीत गोठतं, म्हणून त्यांनी काचेच्या केसासारख्या नळ्यांतून पाणी सोडून अनेक वर्षं मोजमापं केली. १८४० च्या दशकात त्यांचा निष्कर्ष पक्का झाला: नळीची लांबी आणि दोन टोकांमधला दाब तोच ठेवला, तर प्रवाह व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो. व्यास निम्मा झाला की प्रवाह सोळावा हिस्सा. व्यास फक्त दहा टक्के घटला तरी प्रवाह एक तृतीयांशानं कमी.

हे ऐकल्यावर मामांचे सत्तर टक्के फारच भयंकर वाटतात. व्यासाचे तीस टक्के उरले म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ नऊ टक्केच उरलं, आणि चौथ्या घातानं हिशोब केला तर प्रवाह एक टक्क्याच्याही खाली जातो. पण मामा तर माझ्यासमोर बसून चहा पीत होते. मग चुकतं कुठं?

आवळलेला भाग असतो एखाद-दोन सेंटिमीटरचा. रक्ताला खरा अडथळा होतो तो पुढच्या अतिबारीक धमन्यांत, डोळ्यांना न दिसणाऱ्या. आणि या धमन्या निर्जीव नाहीत. वरून दाब कमी आला की त्या स्वतःहून फाकतात, अडथळा उतरवतात आणि स्नायूला हवं तेवढं रक्त ओढून घेतात. अमेरिकेत लान्स गूल्ड आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली कुत्र्यांच्या हृदयावर प्रयोग करून हे मोजलं. विश्रांतीत धमनीचा व्यास सुमारे पंच्याऐंशी टक्के आवळेपर्यंत प्रवाहात फरकच दिसेना. मात्र हृदयाला पूर्ण जोरानं रक्त लागतं तेव्हा निम्म्याच्या आसपास आवळलेली धमनीही कमी पडू लागली. थोडक्यात, रोग आरामात दिसत नाही, चढावर दिसतो. डिसेंबरात एका व्हॉल्व्हवर बाग चालते तेव्हा मेनलाइन आवळली आहे हे कळतच नाही. मे महिन्यात सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडले की शेवटच्या ओळीची पानं माना टाकतात.

ऑयलरनं टेकलेले हात

अडथळा, फाटे, लवचीक भिंती, ठोके हे सगळं एकत्र धरणारं समीकरण हवं होतं. लिओनार्ड ऑयलर या अठराव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या गणितज्ञानं धमन्यांतल्या रक्ताची समीकरणं लिहिली. तो लॅटिन निबंध १७७५ सालचा, छापला गेला १८६२ मध्ये. समीकरणं बरोबर मांडून झाल्यावर त्यांनी जवळपास हात टेकले: ती सोडवणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं दिसतं, असा शेवटचा सूर. ऑयलरच्या मांडणीत द्रवाचा चिकटपणा नव्हता. तो पुढे १८२२ मध्ये फ्रान्सच्या क्लॉद-लुई नाविए यांनी आणि १८४५ मध्ये इंग्लंडच्या जॉर्ज स्टोक्स यांनी आणला. ‘नाविए-स्टोक्स’ समीकरणं म्हणतात ती हीच. द्रवाच्या प्रत्येक कणाला न्यूटनचा नियम लावायचा: दाब ढकलतो, शेजारचा थर चिकटपणानं मागे ओढतो, आणि कण आपल्या वेगानं पुढचा वेग घडवतो.

शेवटच्या मुद्द्यात मेख आहे. प्रवाह स्वतःलाच वाहून नेतो, म्हणून समीकरण सरळ राहत नाही, स्वतःत गुंतत जातं. तिन्ही मितींत या समीकरणांना कायम नीट वागणारं उत्तर असतंच का, हे आजही सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेतल्या क्ले संस्थेनं २००० साली त्यावर दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं, ते अजून तसंच आहे. जगभरच्या रुग्णालयांत मात्र याच समीकरणांची आकडेमोड रोज होते. सिद्धतेसाठी कुणी थांबलेलं नाही.

एक सोपी पायरी एका अवलिया माणसानं ओलांडली. जॉन वुमर्सली हे ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत गणित विभागाचे प्रमुख होते, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अॅलन ट्युरिंगला संगणक बांधायला तिथं आणलं ते त्यांनीच. पुढे ते लंडनच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियातज्ज्ञ डोनाल्ड मॅकडोनाल्ड यांच्याबरोबर धमन्यांच्या गणितात रमले. प्वाझयची नळी एकसारख्या दाबानं चालते, धमनीतला दाब मात्र ठोक्यागणिक वर जातो, खाली येतो. १९५५ मध्ये वुमर्सलींनी दाखवलं, की मोठ्या धमनीत मधला द्रव जड गाडीसारखा वागतो. दाब उलटला तरी तो थोडा वेळ पुढेच जात राहतो, भिंतीलगतचा पातळ थर मात्र लगेच फिरतो. एकाच क्षणी एकाच नळीत मध्ये रक्त पुढे आणि कडेला मागे. भिंतीला होणाऱ्या या घासणीचा पुढे फार उपयोग झाला. धमनी जिथं दुभंगते तिथं ही घासणी मंद आणि उलटसुलट असते, आणि चरबीचे थर नेमके तिथंच धरतात, हे मानेतल्या धमनीच्या अभ्यासातून १९८० च्या दशकात स्पष्ट झालं. पाट वळतो तिथं आतल्या अंगाला गाळ बसतो, तसंच.

१९७२: दोन शोधनिबंध, एक पुणेकर

संगणकाला कागदावरची समीकरणं कळत नाहीत, त्याला बेरीज-वजाबाकी कळते. म्हणून द्रवाच्या जागेचे बारीक चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात वेग आणि दाब यांचा एकेक आकडा धरायचा आणि शेजाऱ्यांशी जुळेपर्यंत आकडे फिरवत राहायचं. यात दोन ठिकाणी गाडी अडत होती. दोन्ही अडचणींवरची उत्तरं १९७२ साली आली, एकमेकांशी काही संबंध नसताना.

पहिली अडचण हृदयाच्या झडपेची. झडप पातळ, लवलवती. रक्त तिला हलवतं आणि ती रक्ताला. चौकोनांची जाळी तिच्या आकाराला जुळवत बसलो तर प्रत्येक क्षणाला जाळी नव्यानं विणावी लागेल. चार्ल्स पेस्किन हा न्यूयॉर्कचा विद्यार्थी. त्यानं १९७२ मधल्या आपल्या कामात जाळी हलवायचं सोडूनच दिलं. द्रव आपल्या ठरलेल्या जाळीत वाहू द्या, आणि झडपेला द्रवात विरघळलेला एक ताण समजा, जो जिथं असेल तिथं द्रवाला ढकलतो. पुढे न्यूयॉर्क विद्यापीठात डेव्हिड मॅक्वीन यांच्यासह त्यानं अख्खं हृदय असं संगणकात धडधडतं केलं. आज ही पद्धत माशाच्या पोहण्यापासून डासाच्या पंखापर्यंत वापरतात. गंमत अशी, की झडपेमागे भोवरे होतात आणि तेच तिला मिटायला मदत करतात, हे लिओनार्दो द विंचीनं १५१३ च्या सुमारास चितारून ठेवलं होतं. मेणाचा साचा घेऊन काचेची महाधमनी करावी आणि पाण्यात गवताचं बी टाकून भोवरे पाहावेत, असं त्याच्या टिपणात आहे.

दुसरी अडचण दाबाची. पाणी किंवा रक्त दाबून लहान होत नाही. त्यामुळे वेगासाठी समीकरण मिळतं, पण दाबासाठी स्वतंत्र समीकरण मिळत नाही. चौकोनात जेवढं येतं तेवढंच बाहेर गेलं पाहिजे, या अटीमागे दाब लपून बसलेला असतो. त्याला बाहेर काढण्याची सोपी, टिकाऊ रीत लंडनच्या इंपीरियल कॉलेजातल्या दोघांनी दिली: ब्रायन स्पॉल्डिंग आणि त्यांचे विद्यार्थी सुहास पाटणकर. पाटणकर पुण्याचे. तिथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६२ साली पदवी, मग मुंबईच्या आयआयटीतून पदव्युत्तर शिक्षण, १९६७ मध्ये लंडनला पीएचडी आणि पुढे अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक. त्यांच्या पद्धतीचं नाव ‘सिंपल’. आधी दाबाचा अंदाज धरा. त्या अंदाजानं वेग काढा. आता प्रत्येक चौकोनाची जमा-खर्च वही तपासा. कुठं आवक जास्त, जावक कमी? तिथला दाब थोडा वाढवा. उलट असेल तर उतरवा. पुन्हा वेग काढा, पुन्हा वही तपासा. सगळ्या वह्या जुळेपर्यंत हेच.

फळबागेत ठिबकचे व्हॉल्व्ह लावणारा कुठलाही शेतकरी हेच करतो. एक थोडा आवळतो, दुसरा थोडा सोडतो, शेवटच्या ओळीत जाऊन बघून येतो. फरक इतकाच, की संगणक लाखो व्हॉल्व्ह एकदम लावतो आणि त्याला थकवा येत नाही. पाटणकरांचं १९८० चं पुस्तक या विषयाच्या विद्यार्थ्यांच्या हाती आजही असतं. बॉयलर, विमान, सर्व्हरची खोली आणि रक्तवाहिनी या साऱ्यांच्या आकडेमोडीत त्यांची पद्धत किंवा तिच्या पोटी आलेल्या पद्धती चालतात. रक्ताच्या प्रवाहाची सगळीच गणितं या रीतीनं होतात असं नाही; काही संशोधकांची वाट वेगळी, आणि पुढे भेटणारे चार्ल्स टेलर त्यांतलेच. पण द्रवाच्या संगणकीय गणिताचा पाया कुणी घातला, ही यादी पुण्याला टाळून लिहिता येत नाही.

तार आत जाते

धमन्यांचं चित्र मिळालं ते अपघातानं. १९५८ साली क्लीव्हलँडच्या रुग्णालयात मेसन सोन्स यांची नळी चुकून हृदयाच्या उजव्या धमनीत सरकली आणि रंगद्रव्य थेट तिच्यात गेलं. रुग्ण बचावला आणि हृदयाच्या धमन्यांची अँजिओग्राफी जन्मली. १९७७ च्या सप्टेंबरात झ्युरिकमध्ये आंद्रेआस ग्रुन्त्झिग यांनी पहिली फुग्याची अँजिओप्लास्टी केली. त्यांच्या सुरुवातीच्या नळ्यांत अडथळ्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजायची सोय होती. पुढे नळ्या बारीक झाल्या, चित्र स्पष्ट झालं, आणि दाब मोजणं मागे पडलं. डोळ्यांना दिसतंय तर मोजायचं कशाला?

मोजायचं यासाठी, की आवळलेल्या जागी नेमकं काय होतं ते चित्रात येत नाही. ठिबकच्या खतासाठी व्हेंचुरी असते, तीच इथं उपयोगी पडते. नळीची कंबर बारीक केली की तिथं पाण्याचा वेग वाढतो, दाब घटतो, आणि त्या ओढीनं खत आत खेचलं जातं. पुढे नळी सावकाश रुंद होत गेली तर बराचसा दाब परत येतो. पण धमनीतला अडथळा कारखान्यात घडवलेला नसतो. तो खडबडीत असतो आणि एकदम संपतो. पलीकडे भोवरे उठतात, त्यांत दाब कायमचा खर्च होतो. किती, हे अडथळ्याच्या टक्क्यांवर ठरत नाही. त्याची लांबी, त्याची बाहेर पडायची कड आणि पुढच्या स्नायूला लागणारं रक्त, सगळं मिळून ठरतं.

नेदरलँड्सचे निको पेल्स आणि बेल्जियमचे बर्नार्ड द ब्रॉयना यांनी १९९० च्या दशकात यावर एक सरळ उपाय रुजवला. टोकाला दाब मोजणारी केसासारखी तार अडथळ्याच्या पलीकडे न्यायची. अॅडेनोसिन हे औषध देऊन पुढच्या सगळ्या बारीक धमन्या पूर्ण फाकवायच्या, म्हणजे सगळे व्हॉल्व्ह उघडायचे. मग पलीकडचा दाब भागिले अलीकडचा दाब. अलीकडे नव्वद आणि पलीकडे बहात्तर असेल, तर उत्तर ०.८०. त्याला ‘एफएफआर’ म्हणतात. ०.८० किंवा त्याखाली असेल तर स्टेंटचा विचार, वर असेल तर औषधं.

२००९ साली ‘फेम’ या चाचणीचे निष्कर्ष आले. १००५ रुग्ण, निम्म्यांना चित्र बघून स्टेंट, निम्म्यांना तारेनं मोजून. मोजलेल्यांना सरासरी १.९ स्टेंट लागले, न मोजलेल्यांना २.७. आणि वर्षभरात मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पुन्हा शस्त्रक्रिया असं काहीतरी झालं ते मोजलेल्यांत १३.२ टक्क्यांना, न मोजलेल्यांत १८.३ टक्क्यांना. याच चाचणीच्या आकड्यांतून पुढच्या वर्षी आणखी एक गोष्ट निघाली. चित्रात पन्नास ते सत्तर टक्के दिसणाऱ्या अडथळ्यांपैकी खरोखर रक्त अडवणारे होते फक्त पस्तीस टक्के. एकाहत्तर ते नव्वदमधल्यांतही दर पाचातला एक निरुपद्रवी निघाला. मामांचा आकडा नेमका या उंबरठ्यावरचा.

आपल्याकडे या सगळ्याला पैशाची बाजू आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणानं स्टेंटच्या किमतींना कुलूप घातलं: साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० रुपये, औषध लावलेल्याला २९,६०० रुपये, त्यावर कर वेगळा. त्याआधी औषधी स्टेंटची किंमत सरासरी सव्वा लाखाच्या आसपास जायची. स्टेंट स्वस्त झाला. मोजायची तार एकदा वापरायची, तिचा खर्च आणि वेळ वेगळा. न मोजता बसवणं सोपं पडावं, अशी ही बाजारपेठ.

तारेविना

तार आत न घालता हाच आकडा काढता येईल का? चार्ल्स टेलर हे अभियंते, तेव्हा स्टॅनफर्डमध्ये. रक्तवाहिन्यांचे सर्जन क्रिस्टोफर झारिन्स यांच्यासोबत त्यांनी १९९० च्या दशकातच लिहिलं होतं, की एखाद्या रुग्णाच्या शरीरातलं रक्त शस्त्रक्रियेआधीच संगणकात वाहवून बघता आलं पाहिजे. २००७ मध्ये दोघांनी कंपनी काढली. पुढे ‘हार्टफ्लो’ या नावानं ती ओळखली जाऊ लागली, आणि २०१४ च्या अखेरीस अमेरिकेच्या औषध प्रशासनानं तिच्या पद्धतीला परवाना दिला.

काम असं चालतं. रंगद्रव्य देऊन हृदयाच्या धमन्यांचं सीटी स्कॅन घ्यायचं. त्यातून महाधमनीचं मूळ आणि हृदयाच्या धमन्या कोरून काढायच्या. ही पहिली पायरी दिसते सोपी, पण सर्वांत नाजूक. चुन्याचे थर असतील तर स्कॅनमध्ये ते फुगलेले दिसतात आणि अडथळा आहे त्याहून मोठा वाटतो. मग त्या पोकळीत लाखो चिमुकल्या चौफलकांची जाळी भरायची आणि प्रत्येकात नाविए-स्टोक्स सोडवायचं.

पण कडेला काय? धमनी स्कॅनमध्ये दिसते ती मिलिमीटरभर जाडीची असेपर्यंत. त्यापुढच्या शाखा, उपशाखा, केशवाहिन्या, जिथं खरा अडथळा असतो, त्या कुठल्याच स्कॅनमध्ये येत नाहीत. गणित तिथं थांबतं, पण रक्त थांबत नाही. म्हणून प्रत्येक तुटलेल्या टोकाला एक अट जोडावी लागते: इथून पुढे अडथळा इतका आहे असं समजा. गणितज्ञ तिला सीमा-अट म्हणतात. ओटो फ्रांकचा हवेचा डबा इथं कामाला येतो.

टेलर यांनी या अटी तीन गृहीतकांवर उभ्या केल्या. विश्रांतीत हृदयाला किती रक्त लागतं हे त्याच्या स्नायूच्या वजनावर ठरतं, आणि ते वजन स्कॅनमधून काढता येतं. प्रत्येक फांदीच्या पुढचा अडथळा त्या फांदीच्या जाडीवरून ताडता येतो. बारीक फांदी, जास्त अडथळा. आणि अॅडेनोसिन दिलं असतं तर तो अडथळा सुमारे पावपट झाला असता. औषध द्यायची गरजच नाही, आकडा पावपट करायचा. मग हृदय स्वतःच्या आकुंचनात आपल्याच धमन्या पिळून टाकतं, त्यामुळे त्याला स्वतःचं रक्त मुख्यतः सैल पडल्याच्या क्षणात मिळतं. हेही त्या कडांच्या अटींत घालावं लागतं.

हे जुळतं का? जुळतं, पण सगळीकडे नाही. २०१२ मधल्या २५२ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत या पद्धतीची अचूकता ७३ टक्के आली आणि आधी ठरवलेली रेघ तिला ओलांडता आली नाही. पद्धत सुधारली. २०१४ च्या २५४ रुग्णांच्या चाचणीत ती ८१ टक्के झाली, तर नुसत्या सीटीच्या चित्रावरून ठरवलं असतं तर ५३ टक्केच. ब्रिटनमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या १,४०० रुग्णांच्या चाचणीत या पद्धतीमुळे अँजिओग्राफी कमी झाल्या, पण अपेक्षा होती तसा एकूण खर्च काही लक्षणीय उतरला नाही.

या क्षेत्रातले लोक स्वतःची थट्टाही करतात. मेंदूतल्या फुगलेल्या धमन्या कधी फुटतील याचे अंदाज एका संशोधनात एक, दुसऱ्यात उलटे येऊ लागले, तेव्हा अमेरिकी डॉक्टर डेव्हिड कॅल्म्स यांनी २०१२ मध्ये द्रवाच्या संगणकीय गणिताच्या ‘सीएफडी’ या इंग्रजी आद्याक्षरांचा खोडसाळ अर्थ लावला, गोंधळात टाकणाऱ्या घटकांचा प्रसार असा. रंगीत चित्रं देखणी असतात. लाल-निळे भोवरे पडद्यावर फिरू लागले की समोरचा माणूस गप्प होतो. त्या वेळी विचारायचा प्रश्न एकच: जाळीच्या कडेला काय धरलंत?

वाफसा

मामांना तार घातली. आकडा आला ०.८६. स्टेंट नाही. गोळ्या, चालणं, साखरेवर लक्ष.

दिवाळीच्या आधी मी गावी गेलो. रात्री ओट्यावर बसून मी त्यांना सगळं सांगितलं. घोडी, हंसाची नळी, पुण्याचे पाटणकर, लाखो चौकोन. मामा ऐकत होते. चार्ल्स टेलरच्या तिसऱ्या गृहीतकाशी त्यांनी मला थांबवलं.

“म्हंजे तुझा कॉम्प्युटर धरून चालतो, की पुढचे ड्रिपर चांगले हाईत.”

मी म्हटलं, हो, साधारण तसंच.

“आन् ती तार? ती पण?”

मी विचार करत बसलो. तार दाब मोजते, प्रवाह मोजत नाही. बारीक धमन्या पूर्ण फाकल्या तरच तिचं भागाकाराचं उत्तर खरं. साखरेनं त्याच धमन्या कडक केल्या असतील तर त्या फाकत नाहीत, रक्त जोरात ओढलं जात नाही, अडथळ्यापलीकडे दाब उतरत नाही, आणि आकडा आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. डॉक्टरांनी निघताना हे सांगितलं होतं. साखरेकडे लक्ष द्या, तीच खरी, असं ते दोनदा म्हणाले होते. तेव्हा मला तो नेहमीचा उपदेश वाटला होता.

“ठिबकवाल्याला ते ठावं असतंय,” मामा म्हणाले. “ड्रिपर चोकअप झाले की गेजवर प्रेशर झकास दिसतंय. पाणी जातंच न्हाई, तर प्रेशर उतरंल कशानं? गेज खूश आन् झाड उपाशी.”

सकाळी मी उठलो तेव्हा ते बागेत होते. पंप चालू होता, सँड फिल्टरच्या वरच्या गेजचा काटा एकावर स्थिर होता. मामांनी तिकडे पाहिलंही नाही. शेवटच्या ओळीतल्या शेवटच्या झाडाखाली उकिडवे बसून त्यांनी ड्रिपरखालची माती दोन बोटांनी उकरली, चिमूट दाबून पाहिली आणि हात धोतराला पुसत पुढच्या झाडाकडे सरकले.